ब्रुअरीचा कट्टा व्हायचा तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तिघं मित्र मिळून छोटी क्राफ्ट ब्रुअरी चालवता, टॅपरूममध्ये (ब्रुअरीतच बसून बीअर प्यायच्या खोलीत) ६० जण बसतील एवढी जागा आहे, सुरू करून ८ महिने झालेत. शुक्रवार-शनिवार भरतात, बाकीचे दिवस शुकशुकाट. क्विझ ठेवून पाहिलं, गिटारवाले बोलावले, स्टँडअपही केलं. कार्यक्रम असला की बसायला जागा नसते आणि शेवटची टाळी वाजली की २० मिनिटांत खुर्च्या रिकाम्या. तरीही आसपासच्या लोकांना ही जागा आपली वाटावी असं तुमच्या मनात आहे, म्हणून विचारताय की आणखी कोणते कार्यक्रम करावेत.

मला वाटतं, खरी अडचण तुम्ही स्वतःच लिहून ठेवली आहे. लोक कार्यक्रमाला येतात, तो संपला की जातात. त्यात त्यांची काही चूक नाही. ६० माणसं २ तास एकाच दिशेला तोंड करून बसली, तर शेजारचा कोण हे कळणार कधी? आणखी कार्यक्रम केलेत तर तुम्ही हॉलचे मॅनेजर व्हाल. कट्ट्यावर कोणी कार्यक्रमाला जात नाही. 'कोणीतरी असेलच' एवढ्या भरवशावर माणूस तिकडे वळतो. तुम्हाला तो भरवसा तयार करायचाय, आणि तो फार हळू तयार होतो.

मी १६ वर्षं बीअर बनवतेय, त्यातली शेवटची ११ वर्षं स्वतःच्या टॅपरूममध्ये. खाली लिहिलंय ते तिथे केलेल्या चुकांमधून आलेलं आहे.

आधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सांगते. तुमच्याकडचा परवाना काय म्हणतो, ब्रुअरीच्या जागेत बसून प्यायला देता येतं का, किती वाजेपर्यंत, लहान मुलांना आत आणता येतं का, हे सगळीकडे वेगळं असतं आणि त्यावर बरंच काही ठरतं. दुसरं, लोक चालत येऊ शकतात का? गाडी काढूनच यावं लागत असेल तर आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी कट्टा जमणं अवघड आहे, आणि दारूच्या जागी गाडीनेच यावं लागणं हे तसंही चांगलं नाही. तिसरं, मंगळवार-बुधवार अजून वर्षभर रिकामे गेले तर तुम्हाला परवडेल का? परवडणार नसेल तर ते दोन दिवस सरळ बंद ठेवा आणि उरलेल्या दिवसांत हे करा. त्यात कमीपणा नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ मध्ये 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली. घर पहिली, कामाचं ठिकाण दुसरी, आणि तिसरी म्हणजे जिथे माणूस कोणाचाही पाहुणा किंवा नोकर नसतो ती. इंग्लंडचे पब आणि अमेरिकेतल्या जर्मन लोकांची बीअर गार्डन ही त्यांची नेहमीची उदाहरणं. त्यांनी सांगितलेली लक्षणं बरीच आहेत, पण मला त्यातलं एकच रोज उपयोगी पडतं: अशा जागेत मुख्य काम गप्पा मारणं हे असतं. बाकी सगळं, अगदी बीअरसुद्धा, त्या गप्पांच्या सोयीसाठी. हे एकदा मनाशी ठरवलं की पुढचे निर्णय सोपे होतात, कारण प्रत्येक गोष्टीला विचारता येतं: याने बोलणं सोपं झालं की अवघड?

या कसोटीवर आमची जागा पहिल्याच दिवशी नापास झाली होती. ब्रुअरीत काँक्रीटची फरशी असते, कारण ती रोज धुवायची असते. छत उंच, कारण टाक्या उंच. स्टीलचे फर्मेंटर (बीअर आंबवायच्या टाक्या), काचेची भिंत, लाकडी बाकं. डोळ्याला छान, कानाला शिक्षा. अशा खोलीत आवाज कुठे मुरतच नाही, भिंतीभिंतीवर आपटत राहतो. १५ जण असेपर्यंत ठीक, २५ झाले की प्रत्येक जण थोडा मोठ्याने बोलतो, मग शेजारचं टेबल आणखी मोठ्याने. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे नोंदवलं होतं: भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. मीटरभर अंतरावरचं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. आमच्याकडे शनिवारी रात्री मी मोजलं तेव्हा आकडा ८५ च्या वर होता. एवढ्या आवाजात ओळखीच्या माणसाशी ओरडून बोलता येतं, अनोळखी माणसाशी कोणी ओरडून ओळख करून घेत नाही. बरं, मी स्पीकरवर गाणीही लावत होते. गर्दी वाढली की गाण्यांचा आवाज वाढवत होते. दोन वर्षं! 'वातावरण' तयार करत होते म्हणे.

तुम्ही एक करून बघा. सकाळी जागा रिकामी असताना मध्यभागी उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. आवाज विरायला सेकंदापेक्षा बराच जास्त वेळ लागला तर तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सापडला. आम्ही छताखाली जाड फेल्टचे आणि रॉकवूलचे पॅनल टांगले, टेबलांच्या खालच्या बाजूला फेल्ट चिकटवलं (ते कोणाला दिसत नाही), आणि गाणी फक्त जागा जवळपास रिकामी असताना ठेवली, गर्दी वाढेल तशी कमी करत न्यायची. फरक पहिल्या आठवड्यात जाणवला. लोक जास्त वेळ बसायला लागले. विक्रीचा आकडा सोडा, म्हाताऱ्या मंडळींनी यायला सुरुवात केली. ज्यांना ऐकू थोडं कमी येतं ते गोंगाटाच्या जागेतून सगळ्यात आधी गळतात, आणि मंगळवारी दुपारी पाचला मोकळी असणारी माणसं नेमकी तीच असतात.

यानंतर बसण्याची रचना. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी गप्पांच्या घोळक्यांचं निरीक्षण करून दाखवलंय की एका संभाषणात साधारण ४ माणसं टिकतात. पाचवा आला की थोड्या वेळात घोळक्याचे दोन होतात. माझ्या टेबलांवर मी हेच वर्षानुवर्षं बघितलंय. म्हणून १२ जणांचं मोठं टेबल म्हणजे १२ जणांची गप्पा नव्हे, तीन-चार छोट्या गप्पा शेजारीशेजारी. फायदा हा की त्या एकमेकींत सांडू शकतात. त्यासाठी टेबल अरुंद हवं. आमची पहिली टेबलं ९० सेंटीमीटर रुंद होती, समोरच्याशी बोलायला पुढे वाकावं लागायचं. ती कापून ७० ची केली. सुताराला वाटलं माझं डोकं फिरलंय.

काउंटरचं तर फारच महत्त्व आहे. सरळ काउंटरवर सगळे एका रांगेत भिंतीकडे बघत बसतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी १९५० च्या दशकात एका रुग्णालयाच्या जेवणघरात निरीक्षण केलं होतं की समोरासमोर किंवा शेजारीशेजारी बसणाऱ्यांपेक्षा टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसलेली माणसं जास्त बोलतात. मागे वळून पाहिलं तर आमच्याकडच्या निम्म्या ओळखी काउंटरच्या वळणावरच्या चार स्टुलांवर झाल्यात. काटकोनात बसलं की समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं तर चालतं आणि नाही बघितलं तरी चालतं, उगाच अवघडल्यासारखं होत नाही. एकट्या माणसाला ते सगळ्यात सोयीचं. तुमचा काउंटर सरळ असेल तर एका टोकाला फळी जोडून एल आकार करा. त्या वळणावर कधीही बिलाचं मशीन, ग्लासांचा रॅक किंवा 'रिझर्व्ह' ची पाटी ठेवू नका.

टाक्यांच्या अगदी जवळ बसवायचा मोह होईल, कारण फोटो चांगले येतात. तिथे एकच गोष्ट लक्षात ठेवा. आंबवण चालू असताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साठतो. फर्मेंटरचा वायू बाहेर सोडणारी नळी, चांगलं वायुवीजन आणि भिंतीवर खालच्या बाजूला तो वायू मोजणारा मीटर, हे असल्याशिवाय त्या खोलीत गिऱ्हाईक नको. बहुतेक ठिकाणी कामाच्या ८ तासांसाठी ५,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५,००० भाग) ही मर्यादा धरतात. आम्ही मध्ये काच घातली आणि विषय संपवला.

आता माणसं. तुमच्या लिहिण्यात काउंटरमागे कोण असतं याचा उल्लेखच नाही, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी फट तिथे आहे. तुम्ही तिघं आलटून पालटून उभे राहत असाल, किंवा अर्धवेळ मुलं आठवड्याला बदलत असतील. मग रोज येणाऱ्यालाही रोज नवीन चेहरा दिसतो. आम्ही ठरवलं की मंगळवार आणि बुधवार एकाच व्यक्तीचे. सुट्टी सोडली तर ४ वर्षं त्या दोन दिवशी एकच मुलगी उभी असे. ती पेय ओतण्यात फार हुशार नव्हती, फेस जरा जास्तच व्हायचा. पण तिच्याकडे एक कसब होतं. एकदा कोपऱ्यावर दोन अनोळखी माणसं बसली होती, मध्ये एक स्टूल मोकळं. ग्लास पुसता पुसता ती एकाला म्हणाली, "तुम्ही सायकल स्वतःच दुरुस्त करता ना? यांची चेन सारखी पडतेय म्हणे." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघून गेली. बस, एवढंच. ती तिथे थांबली असती तर दोघं तिच्याशीच बोलत राहिले असते.

हे शिकवता येतं, पण त्यासाठी माणूस टिकावा लागतो, म्हणजे पगार टिकण्याजोगा हवा. गिटारवाल्यांवर जो खर्च करताय त्यातला थोडा इकडे वळवा. आणि काउंटरमागच्या माणसाला सांगा की पहिल्या दिवशी नाव विचारायचं नाही. नाव तिसऱ्या-चौथ्या खेपेला. आल्या आल्या 'नाव काय, काय करता' विचारलं की लाजाळू माणूस परत येत नाही.

मग कार्यक्रम अजिबात नकोत का? हवेत, पण हातांना काम देणारे आणि तोंड मोकळं ठेवणारे. मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये दुरुस्ती कॅफे सुरू केला: लोक बिघडलेल्या वस्तू आणतात, ज्यांना येतं ते दुरुस्त करायला मदत करतात, फुकट. मी ही कल्पना उचलली आणि एक आड एक मंगळवारी 'दुरुस्तीची संध्याकाळ' ठेवली. एक मल्टीमीटर, दोन सोल्डरिंग गन, स्क्रू-ड्रायव्हरचा डबा, चांगल्या प्रकाशाचा दिवा. पहिल्यांदा ५ जण आले, त्यातल्या दोघांकडेच वस्तू होती. दोन महिने हीच गत. माझा भागीदार म्हणाला बंद करूया. मी म्हटलं, वर्षभर आकडा बघायचा नाही.

नवव्या खेपेला एक गृहस्थ जुना रेडिओ घेऊन आले. त्याची डायल फिरवणारी दोरी तुटली होती. ती दोरी दोन-तीन कप्प्यांवरून, एका स्प्रिंगला ताण देऊन गुंडाळावी लागते आणि दोन हातांत ते होत नाही. एकाने मोबाइलचा टॉर्च धरला, एकीने चिमट्याने स्प्रिंग ओढून धरली, तिसरा दोरी गुंडाळत होता आणि चौथा नुसताच "डावीकडून, डावीकडून" म्हणत होता. दोरी तीनदा सुटली. पाऊण तास गेला. चारही ग्लासांतला फेस कधीच बसला होता, बीअर कोमट झाली होती, कोणाचं लक्ष नव्हतं. त्या दिवशी त्या टेबलावर विक्री म्हणाल तर ४ ग्लास. पण चौघांपैकी तिघं आज ६ वर्षांनीही मंगळवारी येतात, दुरुस्ती असो वा नसो. (नियम एकच कडक आहे: सोल्डरिंग आधी, ग्लास नंतर. आणि थेट वीजजोडणीवरच्या वस्तू फक्त जाणकाराने उघडायच्या.)

तुमच्याकडे दुरुस्तीच चालेल असं नाही. विणकाम, बुद्धिबळ, रोपांची अदलाबदल, भाषेचा सराव, काहीही. ठरलेला वार बदलू नका. आणि तिघं आले म्हणून रद्द करू नका, कारण ज्या दिवशी तुम्ही रद्द करता त्या दिवशी आलेला माणूस दारावरून परततो आणि तो भरवसा संपतो. थंड हवामानात असाल तर आणखी एक सुंदर प्रकार आहे. हॉप्सचा (बीअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलोऱ्यांचा) वेल बहुवर्षायू असतो आणि साधारण ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात चांगला येतो. काही ब्रुअरीज शेजारपाजारच्या लोकांना वेल देतात, लोक आपापल्या अंगणात वाढवतात आणि तोडणीच्या दिवशी सगळे फुलोरे आणून एकच बॅच करतात. ओल्या हॉप्समध्ये बहुतांश पाणीच असतं, म्हणून सुक्या हॉप्सच्या कित्येक पट वजन लागतं आणि तोडल्यापासून शक्यतो एका दिवसात उकळीत पडावे लागतात. त्यामुळे सगळ्यांना एकाच दिवशी यावंच लागतं, आणि तीच त्यातली मजा. आमच्याकडे वेल जगले नाहीत. तीन वर्षं प्रयत्न केला, मग सोडून दिलं.

बीअरबद्दल बोलते, कारण कट्ट्यासाठी बीअर कोणती हा तांत्रिक प्रश्न आहे. सुरुवातीला मी ७-८ टक्क्यांच्या कडक, हॉप्सने भरलेल्या बीअर करत होते. कौतुक झालं. पण हिशोब करा: ८ टक्क्यांच्या ५०० मिलीलिटरमध्ये सुमारे ३२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ४ टक्क्यांच्या तेवढ्याच ग्लासात १६ ग्रॅम. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं. म्हणजे कडक बीअरचे दोन ग्लास झाले की माणूस एकतर घरी जातो किंवा ऐकणं सोडून फक्त बोलायला लागतो. दोन्ही गोष्टी कट्ट्याला मारक. आज आमच्या ८ टॅपपैकी निदान ३ बीअर ४ टक्क्यांच्या खाली असतात, आणि २५० मिलीचा छोटा ग्लास न मागता पुढे येतो. छोट्या ग्लासात बीअर शेवटपर्यंत थंड राहते आणि एका ग्लासवर दोन तास बसणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

त्या दोन तास बसणाऱ्यावरून तुमच्यात भांडणं होत असतील, आमच्यात झाली. माझा हिशोब साधा आहे. मंगळवारी ती खुर्ची तशीही रिकामीच असते, त्यामुळे तो माणूस तुमचं काही खात नाही, उलट आत डोकावणाऱ्याला जागा जिवंत दिसते. शनिवारी रात्री मात्र तीच खुर्ची कमाईची असते, तेव्हा वेगळा नियम लावला तरी चालेल. नियमित येणारे हे समजतात. आमचे मंगळवारवाले शनिवारी आपणहून येत नाहीत. आणखी एक, मधल्या दिवशी सगळे टॅप चालू ठेवू नका. विक्री कमी असेल तर केग (बीअरचं पिंप) संपत नाही, हॉप्सचा सुवास उतरतो, आणि नेमका ज्या दिवशी नवा माणूस निवांत चव घ्यायला येतो त्या दिवशी त्याला शिळी बीअर मिळते. नळ्या मात्र विक्री असो नसो, दर १४ दिवसांनी कॉस्टिकने धुवायच्याच.

आणि जे पीतच नाहीत? शेजारपाजारातले सगळे बीअर पितात असं समजणारी जागा अर्ध्या वस्तीला दार बंद करते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यातली कोल्ड्रिंकची बाटली देऊ नका. त्या माणसालाही तुम्ही स्वतः बनवलेलं काही तरी, त्याच ग्लासात, त्याच टॅपमधून मिळालं पाहिजे. आम्ही हॉप्सचं सोडापाणी करतो. फक्त हे हलक्यात घेऊ नका: अल्कोहोल नसलेल्या पेयात जंतूंना अडवायला काही नसतं, म्हणून आम्लता नीट राखावी लागते (पीएच ४.६ च्या बराच खाली), स्वच्छ केग, वेगळी नळी आणि सतत थंडावा. जमत नसेल तर टॅपऐवजी बाटलीत द्या, पण ग्लास तोच. कोणाच्या हातात काय आहे हे लांबून ओळखू आलं नाही की कोणी कोणाला 'घे की एक' म्हणून आग्रह करत नाही. कट्टा करायचा म्हणजे एखाद्याला 'आज पुरे' म्हणणंही तुमच्या वाट्याला येतं. ते रोजच्या माणसाला म्हणणं जास्त जड जातं, पण तो रोजचा असतो म्हणूनच म्हणायचं.

थोडक्यात आत्तापर्यंत: आवाज कमी करा, टेबलं अरुंद करा, काउंटरचं वळण मोकळं ठेवा, ठरलेल्या वारी ठरलेला माणूस उभा करा, हलकी बीअर ठेवा. यात कुठेही स्टेज नाही.

आता ती चूक सांगते जी तुम्ही अजून केली नसावी, पण एक-दोन वर्षांत करायची वेळ येईल. आमचे रोजचे लोक तयार झाले तेव्हा मला भरून आलं आणि मी मग-क्लब काढला. काउंटरमागच्या भिंतीवर ८० हुक, प्रत्येकाला मातीचा मग, त्यावर रंगवलेलं नाव. सदस्याला त्याच्या मगात थोडी जास्त बीअर. भिंत इतकी देखणी दिसायची की विचारू नका. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की नवे लोक एकदाच येतात. कारण सापडेना. मग एक बाई दारातच थबकल्या, भिंतीकडे बघितलं आणि मला विचारलं, "हे फक्त सदस्यांसाठी आहे का?" त्यांच्या जागी उभं राहून मी ती भिंत पहिल्यांदा बघितली. ८० नावं, आणि त्यात तुमचं नाही. त्यात वळणावरची स्टुलंही 'त्यांची' झाली होती. कोणी नवा बसला तर ते बोलत काही नसत, फक्त मागे येऊन उभे राहत.

शेवटी ते सगळे मातीचे मग भिंतीवरून उतरवले. ज्याचा त्याला घरी दिला. नऊ-दहा जण नाराज झाले, दोघं परत आलेच नाहीत, त्यातल्या एकाचं मला अजून वाईट वाटतं. आता रोजच्या लोकांना सवलत नाही, मोठा ग्लास नाही. त्यांना काम देते. नवी बॅच टॅपवर जाण्याआधी चाखून मत द्यायचं, दुरुस्तीची अवजारं लावून ठेवायची, नवा माणूस दिसला तर सरकून जागा करायची. आपलेपणा वस्तूंतून दिला की लोक तो राखत बसतात. कामातून दिला की ते दुसऱ्यालाही बोलावतात, कारण कामाला आणखी एक हात हवाच असतो.

तुम्ही शेवटी दोन गोष्टी विचारल्यात. किचन टाकावं का? माझं मत, घाई करू नका. म्युनिकमध्ये १८१२ साली राजा मॅक्सिमिलियन यांनी ब्रुअरींना तळघरांच्या अंगणात बीअर विकायची परवानगी दिली, पण खानावळवाल्यांचा धंदा बुडू नये म्हणून ब्रेड सोडून दुसरं खाणं विकायला बंदी घातली. लोक आपापले डबे घेऊन यायला लागले, आणि तिथल्या पारंपरिक बीअर गार्डनमध्ये ती मुभा आजही आहे. लांब टेबलावर डबा उघडला की शेजारच्याला विचारावंच लागतं. किचन नसणं ही तुमची उणीव असेल, पण नियमांत बसत असेल तर बाहेरचं खाणं आणू द्या आणि ताटल्या-चमचे तुमच्याकडून ठेवा. धुवायला लागतात, पण परत करायच्या निमित्ताने माणूस काउंटरपर्यंत येतो.

दुसरं, क्विझ बंद करावं का? नको, लोकांना आवडतंय. फक्त तीन बदल करा. संघ आधीपासून ठरवून येऊ देऊ नका. दारात चिठ्ठी काढायला लावा आणि चार-चार जणांचे संघ करा. तीनच फेऱ्या ठेवा आणि प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये पुरती २० मिनिटं सोडा, त्या वेळात माइक बंद, गाणी बंद. निकाल शेवटी जाहीर करू नका; पुढच्या मंगळवारी काउंटरवर कागदावर लावून ठेवा.